निरंतर वैद्यक शिक्षण : नांदेड व लातूर

निरंतर वैद्यक शिक्षण : पदवी वा पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन व्यवसायास लागलेल्या डॉक्टराने आपले ज्ञान व कौशल्य व्यवसायाच्या अखेरपर्यंत अद्ययावत राहावे म्हणून जे शिक्षण घ्यावयाचे, त्यास निरंतर वैद्यक शिक्षण असे म्हणतात. व्याख्याने, परिषदा, उजळणी वर्ग, नियतकालिकांचे वाचन आणि सहव्यावसायिकांशी होणारी चर्चा ही त्याची रूढ साधने होत. २०१० नंतरच्या दशकात भ्रमणध्वनीवरील समाजमाध्यमांची, विशेषतः व्हॉट्सॲपवरील गटांची, त्यांत भर पडली. प्रस्तुत नोंदीत नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात या शिक्षणाचा इतिहास दिला आहे. वैद्यकीय महाविद्यालय, ग्रंथालय व तज्ञ यांपासूनचे अंतर ही या भागातील डॉक्टरांच्या शिक्षणाची दीर्घकाळ मुख्य अडचण होती. समाजमाध्यमांनी ते अंतर जवळजवळ नाहीसे केले. तथापि हाती आलेल्या माहितीची पारख करण्याची अडचण त्याच प्रमाणात वाढली.

व्यावसायिकांनी आपापसांत चर्चा करून शिकावे, ही कल्पना भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात त्याच विद्येच्या जाणकाराशी करावयाच्या चर्चेस तद्विद्यसंभाषा अशी संज्ञा असून तिचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिलीत स्नेहभावाने, शंका मोकळेपणी विचारीत विचारविनिमय होतो. दुसरीत प्रतिपक्षास जिंकणे हा हेतू असतो. आजच्या भ्रमणध्वनीवरील गटांत या दोन्ही संभाषा चालू असलेल्या आढळतात आणि दुसरी पहिलीपेक्षा लवकर रंगात येते, एवढे येथे नमूद करणे पुरे.

पूर्वपीठिका : नांदेड जिल्हा आणि त्या वेळी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात असलेले लातूर हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश अंमलाखालील मुंबईत डॉक्टरांच्या विद्वत्सभा लवकर निघाल्या. मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे या संस्थेच्या कार्यवृत्ताचे प्रकाशन १८३८ मध्ये सुरू झाले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये निघाले आणि बॉम्बे मेडिकल युनियन १८८३ मध्ये स्थापन झाली. मराठवाड्याचा या घडामोडींशी संबंध नव्हता. त्याची राजधानी हैदराबाद होती. तेथे १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झालेली होती. क्लोरोफॉर्म हे भूलद्रव्य कितपत निर्धोक आहे, याविषयी हैदराबादेत १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोगांनी प्रयोग केले. त्यांपैकी दुसऱ्यासाठी लंडनच्या द लॅन्सेट या नियतकालिकाने आपला तज्ञ पाठविला होता आणि त्यासाठी निजाम सरकारने रक्कम दिली होती. राजधानीचा जागतिक वैद्यकाशी असा थेट संबंध आलेला असताना संस्थानाच्या मराठी जिल्ह्यांतील दवाखान्यांपर्यंत त्याचा ओघ पोहोचविणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) वैद्यकासह सर्व उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. तेथून बाहेर पडलेल्या डॉक्टरास पुढील काळात जे नवे वाचावयाचे, ते बहुतांशी इंग्रजीत असे.

भारतीय पातळीवर उजळणी वर्गांचा विचार भोर समितीच्या अहवालात (१९४६) आढळतो. डॉक्टरांची देशव्यापी संघटना असलेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने (स्थापना १९२८) १९६३ मध्ये सामान्य व्यवसायींसाठी स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. राष्ट्रीय वैद्यक अकादमीमार्फत केंद्र शासनाच्या साहाय्याने चालणारा निरंतर शिक्षणाचा कार्यक्रम १९८२ पासूनचा आहे. हे उपक्रम मोठ्या शहरांना सोयीचे होते. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टराने दोन दिवस परिषदेस जावयाचे म्हणजे दोन दिवस दवाखाना बंद ठेवावयाचा, ही गोष्ट कार्यक्रम आखणाऱ्यांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

संस्थांची वाढ : १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. नांदेडहून ते रस्त्याने अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते. लातूरच्या डॉक्टरांना १९६३ मध्ये निघालेले सोलापूरचे महाविद्यालय जवळचे होते. अंबाजोगाई येथील शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले. नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ मधील असून त्यास पुढे डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले. ते आता विष्णुपुरी येथे आहे. लातूर येथे एम्‌.आय्‌.एम्‌.एस्‌.आर्‌. हे खाजगी महाविद्यालय १९९० मध्ये, तर पुढे विलासराव देशमुख यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली शासकीय संस्था २००२ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी १९६६ मध्ये लातुरात डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालयाचा आरंभ केला होता. पुण्यात शिकलेले डॉक्टर मिळून लहान गावी येतात, एकत्र राहून रुग्णालय चालवितात आणि त्यामुळे त्यांना एकमेकांकडून रोज शिकता येते, याचे हे या भागातील ठळक उदाहरण होय. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला.

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविण्याची तयारी करून घेणारी पद्धती ‘लातूर पॅटर्न’ या नावाने १९९० नंतर सबंध महाराष्ट्रात गाजली. महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर पुढील तीस-चाळीस वर्षे काय व कसे शिकावे, याचा पॅटर्न मात्र लातुरात वा अन्यत्र कोणी बसविला नाही.

व्याख्यान व औषधविक्रेता प्रतिनिधी : समाजमाध्यमांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी निरंतर शिक्षण म्हणजे मुख्यतः असोसिएशनच्या शाखेत होणारे व्याख्यान असे. मुंबई, पुणे वा हैदराबाद येथील तज्ञ रात्रीच्या गाडीने येई, दिवसा काही रुग्ण पाही आणि सायंकाळी पारदर्शिका दाखवून बोले. त्यानंतर भोजन होई. व्याख्यानाचा खर्च पुष्कळदा एखादी औषधकंपनी करीत असे. जो डॉक्टर व्याख्यानासही येऊ शकत नसे, त्याच्याकडे कंपनीचा प्रतिनिधी स्वतः जाई. नव्या औषधाची पहिली वार्ता अनेक गावांत त्याच्याच पिशवीतून पोहोचली, हे मान्य करावयास हवे. मात्र ज्याला औषध विकावयाचे आहे त्यानेच त्याचे गुणदोष शिकवावे, ही व्यवस्था सदोष होती. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आपल्या विनियमांत दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च व पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना मनाई केली.

ज्ञानाचा प्रवाह केवळ महानगराकडून जिल्ह्याकडे वाहतो, असा समज होण्याचा येथे संभव आहे. तो बरोबर नाही. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांची निरीक्षणे करून ती टपालाने द लॅन्सेटकडे पाठविली. त्यांचा निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा त्यांनी रूढ केलेला उपयोग जगभर मान्य झाला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. नांदेड जिल्ह्यातील मुखेड या तालुक्याच्या गावी सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. दिलीप पुंडे यांनी आपल्या दहा वर्षांच्या अनुभवावर लिहिलेला निबंध नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये २००५ साली आला. मुखेडमध्ये मिळविलेले ज्ञान दिल्लीहून निघणाऱ्या नियतकालिकामार्फत इतरत्र पोहोचले. मात्र त्यास दहा वर्षांच्या नोंदी व त्यांचे संपादकीय परीक्षण एवढा काळ जावा लागला. हा विलंब म्हणजे दोष नव्हे. त्यातच त्या ज्ञानाची परीक्षा झाली.

उपग्रहापासून भ्रमणध्वनीपर्यंत : अंतरावर तंत्रविद्येने मात करण्याचा पहिला शासकीय प्रयत्न उपग्रहाच्या साहाय्याने झाला. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या सहकार्याने महाराष्ट्रात २००० नंतरच्या पहिल्या दशकात दूरवैद्यकाची योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात मुंबईचे के.ई.एम्‌. रुग्णालय हे तज्ञांचे केंद्र होते आणि त्यास जोडलेल्या पाच जिल्हा ठिकाणांत लातूर व बीड यांचा समावेश होता. रुग्णाची कागदपत्रे व क्ष-किरण चित्रे पाठवून ठरल्या वेळी तज्ञाशी दृक्‌श्राव्य संभाषण करता येई. या संभाषणात रुग्णाला सल्ला मिळे, तसेच लातूरच्या डॉक्टरास तज्ञाची विचारपद्धती समोर पाहावयास मिळे. शिक्षणाच्या दृष्टीने हा लाभ मोठा होता. तथापि त्यासाठी स्वतंत्र खोली, तंत्रज्ञ, वीजपुरवठा व दोन्ही टोकांकडील डॉक्टरांची मोकळी वेळ ही सर्व एकाच वेळी जुळून यावी लागत. रात्री दोन वाजता अपघात विभागात आलेल्या रुग्णासाठी ही व्यवस्था उपयोगी नव्हती.

दरम्यान आंतरजालाचा प्रसार होत होता. भारतात सर्वसामान्यांना ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९७ मध्ये पबमेड हा निबंधसूचीचा संग्रह सर्वांस विनामूल्य खुला केला. त्यामुळे एरवी मुंबईच्या ग्रंथालयात बसून शोधावा लागणारा निबंधाचा गोषवारा नांदेडच्या सायबर कॅफेतही वाचता येऊ लागला. व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघाले. २०१६ नंतर भारतात आंतरजालाचा दर एकदम उतरला, तेव्हा ते तालुक्यातील डॉक्टरांच्याही नित्याच्या वापरात आले. शिकण्यासाठी कोठे जावे लागत नाही, वेळ ठरवावी लागत नाही आणि निराळी यंत्रसामग्री लागत नाही, या तीन गोष्टी यापूर्वीच्या कोणत्याही साधनात एकत्र आल्या नव्हत्या.

या गटांचे सामान्यतः तीन प्रकार आढळतात. महाविद्यालयात एका वर्षात शिकलेल्या सहाध्यायांचा गट हा सर्वांत जिव्हाळ्याचा असतो. त्यात हृद्रोगतज्ञ, भूलतज्ञ आणि खेड्यात व्यवसाय करणारा डॉक्टर एकेरीत बोलतात. त्यामुळे परिषदेच्या सभागृहात विचारण्याचा संकोच वाटेल असा प्राथमिक प्रश्नही येथे विचारला जातो. दुसरा प्रकार संघटनेच्या शाखांच्या गटांचा. २०२२ अखेर एका गटातील सभासदांची मर्यादा १,०२४ झाल्याने जिल्ह्यातील सर्व डॉक्टर एकाच गटात सामावू शकतात. अशा गटात सूचना, शुभेच्छा व निवडणुका यांनी शिक्षणाची जागा व्यापलेली असते. तिसरा प्रकार बालरोग, स्त्रीरोग, अस्थिरोग अशा विशेष शाखांच्या गटांचा असून त्यात राज्यातील व राज्याबाहेरील तज्ञ असतात. नांदेडच्या पूर्वेस तेलंगण आणि लातूरच्या दक्षिणेस व पूर्वेस कर्नाटकाचा बीदर जिल्हा असल्याने रुग्ण हैदराबादेस किंवा बीदरला जाणे नेहमीचेच आहे. किनवट, देगलूर वा उदगीर येथून पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे पूर्वी पाठविणाऱ्यास क्वचितच कळे. आता शस्त्रक्रियेचे निष्कर्ष कित्येकदा त्याच दिवशी त्याच्यापर्यंत येतात. आपला निदानाचा अंदाज बरोबर होता की चूक, हे कळणे यासारखे दुसरे शिक्षण नाही.

गटाच्या सभासदत्वाचा प्रश्नही वरकरणी दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. ग्रामीण भागातील रुग्णसेवेचा मोठा वाटा आयुर्वेद व होमिओपॅथी यांचे पदवीधर उचलतात. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. त्यांची नोंदणी निराळ्या परिषदांकडे होते आणि त्यांच्या संघटनाही निराळ्या आहेत. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर ती औषधे वापरू देण्याची तरतूद राज्याने २०१४ मध्ये कायद्याने केली. तिच्याविषयी ॲलोपॅथीच्या संघटनांचा तीव्र मतभेद आहे. या वादाचा निकाल काहीही लागो. सर्पदंशाचा वा हृद्विकाराचा रुग्ण प्रथम ज्याच्या दारी येतो, तोच डॉक्टर तज्ञांच्या गटाबाहेर राहत असेल, तर त्या गटातील ज्ञानाचा रुग्णास उपयोग उशिरा होणार, हे उघड आहे.

सर्पदंशाचे उदाहरण : समाजमाध्यमांच्या शैक्षणिक उपयोगाचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंसाठी सर्पदंश हे या भागातील बोलके उदाहरण होय. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे येथील चार प्रमुख विषारी साप आहेत. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त साकळण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्यासाठी रुग्णाचे सु. २ मिलि. रक्त परीक्षानलिकेत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवतात व नंतर ती तिरपी करून रक्त साकळले की नाही ते पाहतात. या चाचणीस प्रयोगशाळा लागत नाही. मात्र नलिका काचेची, स्वच्छ व कोरडी असावी लागते. ती प्लॅस्टिकची असल्यास किंवा साबणचुऱ्याने धुतलेली असल्यास निरोगी माणसाचे रक्तही साकळत नाही आणि विषबाधा नसताना प्रतिविष दिले जाण्याचा संभव निर्माण होतो. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येणारा हा तपशील प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातून निसटतो. गटातील अनुभवी डॉक्टराने नलिकेचे छायाचित्र पाहून विचारलेला एक प्रश्न तो कायमचा ध्यानात आणून देऊ शकतो.

याच रोगाच्या बाबतीत छायाचित्र दिशाभूलही करते. मारलेल्या वा पकडलेल्या सापाचे छायाचित्र काढून ‘हा कोणता?’ असे गटात विचारण्याची पद्धत पडली आहे. कवड्या हा बिनविषारी साप व मण्यार हा अतिविषारी साप दिसावयास सारखे असतात. मण्यारीच्या अंगावरील पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असून डोक्याच्या बाजूस ते अस्पष्ट असतात किंवा नसतातच. कवड्याचे पट्टे मानेपासून स्पष्ट असून शेपटीकडे पुसट होतात. छायाचित्रात अर्धाच साप आला किंवा प्रकाश अपुरा असला, तर जाणकारही फसतो. मण्यारीच्या दंशाची खूण व वेदना बहुधा नगण्य असतात. अशा वेळी ‘कवड्या आहे, घाबरू नका’ असे उत्तर आले, तर पापण्या जड होण्यापासून श्वास थांबण्यापर्यंतचा मोलाचा काळ वाया जातो. भारतात मिळणारे प्रतिविष चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे सापाच्या ओळखीपेक्षा रुग्णाच्या लक्षणांवरून उपचार ठरवावा, असे अधिकृत मार्गदर्शनात सांगितलेले आहे. म्हणजे गटाने ‘साप कोणता?’ या प्रश्नास उत्तर देण्याऐवजी ‘रुग्णाच्या पापण्या कशा आहेत, रक्त साकळले का?’ असा उलट प्रश्न करणे हेच खरे शिक्षण ठरते. [⟶ सर्पदंश].

महासाथीचा काळ : कोव्हिड–१९ च्या महासाथीत (२०२०–२२) परिषदा व व्याख्याने बंद पडली आणि निरंतर शिक्षणाचे जवळजवळ सर्व कार्य भ्रमणध्वनी व आभासी परिसंवाद यांवर आले. राज्य शासनाच्या कृतिदलातील तज्ञ दूरदृश्य प्रणालीद्वारे जिल्ह्यांतील डॉक्टरांशी बोलू लागले; मे २०२१ मध्ये ‘माझा डॉक्टर’ या उपक्रमाद्वारे खाजगी व्यवसायींनाही त्यात घेण्यात आले. प्राणवायूचा वापर, रुग्णास पालथे झोपविणे, घरी राहणाऱ्या रुग्णाने कोणत्या लक्षणांवरून रुग्णालयात यावे यांसारख्या गोष्टी या मार्गाने फार थोड्या अवधीत तालुक्यांपर्यंत गेल्या. पूर्वीच्या पद्धतीने यास काही वर्षे लागली असती.

घाईचे दुष्परिणामही याच काळात दिसले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाने गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हा ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी, सविस्तर निबंधाच्या आधी, जाहीर झाला. प्राणवायू वा कृत्रिम श्वसन लागणाऱ्या रुग्णांनाच हा लाभ होतो, इतरांना होत नाही, ही अट त्या निष्कर्षातच होती. संदेश एका गटातून दुसऱ्यात जाताना प्रथम गळते ती अशी अट. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात भारतात म्युकरमायकोसिस या कवकजन्य रोगाचे प्रमाण वाढले, तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडांचा अनावश्यक वा अतिरिक्त वापर हे त्याचे प्रमुख कारण मानण्यात आले. रक्तद्रव उपचाराची कथा याहून वेगळी नाही. त्याचा लाभ होत नाही, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले व तो निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शक सूचनांतून तो उपचार वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी. मधल्या काळात रक्तद्रव मिळविण्याची आवाहने समाजमाध्यमांवर चालूच होती. अर्थात छापील नियतकालिके निर्दोष होती, असेही नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसंबंधीचा द लॅन्सेटमधील निबंध २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध झाला व त्यातील माहितीची पडताळणी होऊ न शकल्याने ४ जून रोजी मागे घेतला गेला. फरक असा की, निबंध मागे घेतल्याची नोंद कायम राहते. गटातील चुकीचा संदेश मात्र मागे घेतला, तरी ज्या गटांत तो पुढे गेला त्यांस ते कळत नाही. अफवांमुळे २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांची हत्या झाल्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर पाच ठिकाणांची मर्यादा घातली होती. डॉक्टरांचे गट त्या व्यवस्थेपासून वेगळे नाहीत.

शैक्षणिक मूल्य : केवळ व्याख्यान ऐकल्याने डॉक्टराच्या प्रत्यक्ष उपचारपद्धतीत फारसा बदल होत नाही, चर्चा व सराव असलेल्या कार्यक्रमांनी तो होऊ शकतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या समीक्षेत दिसून आले. आंतरजालावरील शिक्षण हे काहीच न शिकण्यापेक्षा पुष्कळ चांगले, परंतु इतर पद्धतींच्या तुलनेत फारसे सरस नाही, असा कुक व सहकारी यांचा २००८ मधील निष्कर्ष आहे. दूरच्या डॉक्टरांना नियमित प्रकरणचर्चेतून शिकविण्याची एक पद्धतशीर रीत डॉ. संजीव अरोरा यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात २००३ मध्ये ‘एको’ या नावाने सुरू केली. तीत ठराविक वेळी ठराविक डॉक्टर एकत्र येतात, खेड्यातील डॉक्टर आपला रुग्ण मांडतो, तज्ञ त्यावर बोलतो आणि हे महिनोन्‌महिने चालते. कावीळ–सी या यकृतरोगावर अशा रीतीने शिकलेल्या डॉक्टरांचे उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच परिणामकारक ठरल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची भारतीय शाखा २००८ पासून कार्य करते. व्हॉट्सॲपच्या गटात प्रकरण असते, तज्ञ असतो, चर्चाही असते. नसते ते सातत्य व ती चर्चा शेवटास नेणारा कोणी जबाबदार. रात्री विचारलेला प्रश्न सकाळच्या पंचवीस शुभप्रभातांखाली दबतो आणि महिन्याने तोच प्रश्न दुसरा कोणी नव्याने विचारतो.

नियमन : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक वर्तन विनियमांनुसार डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावयाचा असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषद हे तास श्रेयांकांच्या रूपाने मोजते व नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ते विचारात घेते. महासाथीपासून आभासी परिसंवादांनाही श्रेयांक मिळू लागले. सभागृहातील उपस्थिती मोजता येते म्हणून ती मोजली जाते. तिने उपचारात काय बदल झाला, हे मोजले जात नाही. उलट, मध्यरात्री दुसऱ्याच्या रुग्णाचा ई.सी.जी. वाचून त्याचा अर्थ समजावून सांगणाऱ्या व तो समजून घेणाऱ्या दोघांनाही एकही श्रेयांक मिळत नाही. डेव्हिस यांची समीक्षा लक्षात घेता, शिक्षणाच्या दुबळ्या प्रकारास मान्यता व सबळ प्रकाराकडे दुर्लक्ष, असा हा विपरीत प्रकार आहे.

जबाबदारीच्या बाबतीत स्थिती अधिक स्पष्ट आहे. २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरास दुसऱ्या डॉक्टराचा सल्ला अशा माध्यमांतून घेता येतो; परंतु सल्ला विचारणारा हाच रुग्णाचा उपचारकर्ता राहतो व उपचाराचे दायित्व त्याच्यावरच असते. गटाने सांगितले, हा बचाव म्हणून पुढे करता येत नाही.

गोपनीयतेचा प्रश्न लहान जिल्ह्यांत विशेष नाजूक आहे. मुंबईतील रुग्णाचा चेहरा गटातील बहुतेकांस अपरिचित असतो. अहमदपूर किंवा हदगाव येथील रुग्ण मात्र गटातील कोणाचा तरी आप्त, शिक्षक वा शेजारी असण्याचा संभव असतो. नाव खोडले, तरी गाव, वय व शेतात झालेला अपघात एवढ्यावरून तो ओळखू येतो. गर्भपात, क्षयरोग, एच्‌.आय्‌.व्ही. वा विषप्राशन यांसारख्या प्रकरणांत अशी ओळख पटणे रुग्णाच्या पुढील आयुष्यावर परिणाम करणारे ठरते. २००२ च्या विनियमांत रुग्णाची ओळख पटेल अशी छायाचित्रे किंवा प्रकरणवृत्ते त्याच्या संमतीवाचून वैद्यकीय वा अन्य नियतकालिकात प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. ते लिहिले गेले तेव्हा असे गट अस्तित्वात नव्हते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या नव्या विनियमांत समाजमाध्यमांवरील वर्तनासंबंधी स्वतंत्र मार्गदर्शन प्रथमच आले. रुग्णांची छायाचित्रे व तपासणीच्या प्रतिमा समाजमाध्यमांवर टाकू नयेत, सार्वजनिक माध्यमावर उपचाराची चर्चा वा औषधयोजना करू नये, असे त्यात सांगितले होते. औषधकंपन्यांचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रायोजन असलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांपासून दूर राहण्याचीही त्यात तरतूद होती. डॉक्टरांच्या संघटनांनी विनियमांतील अनेक कलमांस विरोध केला आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे तीन आठवड्यांतच, आयोगाने ते स्थगित करून २००२ चे विनियम पुन्हा लागू केले.